ज्वलनाची उष्णता आणि कॅलरीमापी: ओट्यावरच्या प्रयोगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत माझ्या घरी अकरावी-बारावीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. घरात बोलतात मराठी, पुस्तकं इंग्रजी नाहीतर हिंदी, आणि भांडण मात्र अस्सल इंदुरी हिंदीतून. ज्वलनाचा धडा आला की मागच्या ओट्यावर स्पिरिटचा दिवा, अ‍ॅल्युमिनियमचा डबा, थर्मामीटर आणि दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा काटा मांडला जातो. दरवर्षी प्रश्न तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न आईबाबांचे आहेत, तेही घेतले आहेत.

कॅलरीमापीने ऊर्जा मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

तापमान आणि वजन, एवढंच. ऊर्जा दाखवणारा काटा कुठल्याच उपकरणावर नसतो. इंधन जळतं, त्याची उष्णता पाण्यात जाते, पाणी तापतं, आणि पाणी किती तापलं यावरून आपण उलटा हिशोब मांडतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात. हा आकडा पक्का, म्हणून पाणी हे आपलं माप.

माप म्हणून पाणीच हवं असंही नाही. पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फ वापरला होता. उष्णतेने किती बर्फ वितळला ते पाण्याचं वजन करून काढायचं. त्यांनी त्या बर्फाच्या पिंपात एक जिवंत गिनीपिगही ठेवला होता. वर्गात हे सांगितलं की पुढची पाच मिनिटं धडा गिनीपिगवरच चालतो.

सूत्रातला ‘एम’ म्हणजे जळालेलं इंधनच ना?

नाही! सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम एक अंशाने तापायला लागणारी उष्णता) × तापमानातली वाढ. यातलं वस्तुमान, म्हणजेच ‘एम’, जे तापलं त्याचं, म्हणजे पाण्याचं. जळालेल्या इंधनाचं वजन नंतर लागतं, भागायला. मी मुलांना वहीत आधी ‘कोण तापलं’ आणि त्याखाली ‘कोण जळलं’ असं लिहायला लावते, मगच आकडे.

आणि तापमानातल्या वाढीत २७३ मिळवायचे नाहीत. वीस अंशांची वाढ केल्विनमध्येही वीसच. दर बॅचला कुणीतरी एकजण २९३ लिहितोच.

एक गणित पूर्ण करून दाखवाल?

डब्यात २०० ग्रॅम पाणी. सुरुवातीला २४ अंश, शेवटी ४४, म्हणजे वाढ २० अंश. पाण्याने घेतलेली उष्णता २०० × ४.१८ × २० = १६,७२० ज्यूल, म्हणजे १६.७२ किलोज्यूल.

दिव्याचं वजन ०.९२ ग्रॅमने घटलं. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल. इथेनॉलचा एक मोल ४६ ग्रॅमचा, तेव्हा ०.०२ मोल जळले. १६.७२ भागिले ०.०२, उत्तर ८३६ किलोज्यूल प्रति मोल. उष्णता बाहेर पडली म्हणून आधी उणे चिन्ह.

आता कोष्टकात बघा: इथेनॉलची ज्वलन एन्थाल्पी, म्हणजे एक मोल पूर्ण जळताना सुटणारी उष्णता, उणे १३६७. आपल्या हाती आले त्याचे फक्त ६१ टक्के.

काकू, ये तो बहुत कम आया! आमचं चुकलं का?

प्रयोग बरोबर आहे, जमाखर्च अर्धवट आहे. ०.९२ ग्रॅम इथेनॉलमधून सुमारे २७.३ किलोज्यूल निघायला हवेत. पाण्यात जमा झाले १६.७. उरलेले साडेदहा कुणाकडे गेले ते शोधायचं, आणि या प्रयोगात शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

पहिला देणेकरी हाताशीच असतो, डबा. आमच्या डब्याचं वजन ८० ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमची विशिष्ट उष्मा ०.९०, वाढ तीच वीस अंश: १.४४ किलोज्यूल. ते मिळवले की उत्तर ८३६ चं ९०८ होतं. एका ओळीचं काम, पण निम्मी मुलं डबा विसरतात, कारण सूत्रात त्याला अक्षर नाही.

दुसरं, ज्योतीची गरम हवा. ती डब्याच्या कडेने वर निघून जाते, पाण्याला शिवतसुद्धा नाही. सर्वांत मोठी गळती बहुधा हीच. दिव्याभोवती पत्र्याचा आडोसा लावा, डब्यावर पुठ्ठ्याचं झाकण ठेवा, ज्योत आणि बूड यांत दोन-तीन सेंटीमीटरच अंतर ठेवा. फरक लगेच दिसतो.

तिसरं, वातीवरून नुसतंच उडून गेलेलं स्पिरिट. ते जळलं नाही, पण काट्यावर जळाल्यासारखं दिसतं. म्हणून दिवा विझवला की लगेच टोपण लावा आणि मग वजन करा. टोपण दोन्ही वेळा काट्यावर हवं. एका मुलाने पहिल्या वेळी टोपणासकट आणि दुसऱ्या वेळी टोपणाशिवाय वजन केलं होतं. त्याच्या हिशोबाने दिव्याने अकरा ग्रॅम इथेनॉल पिऊन टाकलं होतं.

चौथं अपूर्ण ज्वलन. त्याला वेगळा प्रश्न लागतो.

डब्याचं बूड काळं झालं तर उष्णता कमी का मिळते?

आजी दिव्यावर काजळ कसं धरायची ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तुपाचा दिवा, त्यावर उपडी धरलेली वाटी, आणि वाटीच्या आतल्या अंगाला जमणारी मऊ काळी साय. ती साय म्हणजे कार्बन, जळायचा राहून गेलेला. एक ग्रॅम कार्बन पूर्ण जळला तर ३२.८ किलोज्यूल देतो. काजळाच्या डबीत ते तसेच शिल्लक असतात.

हवा कमी पडली की आमच्या डब्याखालीही हेच घडतं. काजळीपेक्षाही फसवा असतो कार्बन मोनॉक्साइड, तो दिसत नाही. कार्बनचा एक मोल कार्बन डायऑक्साइडपर्यंत गेला तर ३९३.५ किलोज्यूल सुटतात, मोनॉक्साइडवर थांबला तर ११०.५ च. तिसरा हिस्सासुद्धा नाही. शिवाय हा वायू विषारी. म्हणून ओटा उघड्यावरचा आहे, आतल्या खोलीतला नाही.

कार्बन अर्धवट जळण्याची उष्णता कशी मोजली? तो नेमका अर्धाच जाळता येतो का?

येत नाही. थोडा डायऑक्साइड होतोच. म्हणून तो आकडा सरळ मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात. कार्बन पूर्ण जाळा: ३९३.५. मोनॉक्साइड वेगळा घेऊन जाळा: २८३. फरक ११०.५. राजवाड्याहून स्टेशनला कुठल्याही रस्त्याने गेलात तरी पोहोचता स्टेशनलाच, तसं सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच. हा हेस यांचा १८४० चा नियम.

उन्हाळ्यात प्रयोग करावा की हिवाळ्यात?

कधीही करा, पण सुरुवातीचं पाणी विचार करून निवडा. पाणी खोलीपेक्षा गरम झालं की उष्णता बाहेर गळते. खोलीपेक्षा थंड असेल तोवर उलट बाहेरून आत येते. मग वाढीचा निम्मा भाग खोलीच्या खाली आणि निम्मा वर ठेवला तर दोन्ही बऱ्यापैकी एकमेकांना फेडतात. काउंट रमफर्ड यांची ही जुनी युक्ती.

आमच्याकडे मे महिन्यात ओट्यावर ३६ अंश असतात आणि माठातलं पाणी २६ च्या आसपास. सव्वीसवरून शेहेचाळीसपर्यंत तापवायचं, मधोमध छत्तीस. माठ इतका कामाला येईल असं तो घेताना वाटलं नव्हतं.

दिवा विझवला की लगेच तापमान वाचायचं?

ढवळत राहा आणि सर्वांत वरचा आकडा घ्या. विझल्यावरही पारा थोडा चढतो.

पुस्तकातल्या ग्रॅफाइटच्या गणिताचं उत्तर उणे २४८ येतं आणि कोष्टकात उणे ३९३.५ आहे. खरं कोणतं?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी आधी एक जिलेबी देते. अकरावीच्या पुस्तकांत फिरणारं गणित असं: बॉम्ब कॅलरीमापीत (पुढचा प्रश्न बघा) एक ग्रॅम ग्रॅफाइट जाळलं, तापमान २९८ वरून २९९ केल्विन झालं, कॅलरीमापीची उष्माधारकता, म्हणजे अख्खं यंत्र एक अंशाने तापायला लागणारी उष्णता, २०.७ किलोज्यूल प्रति केल्विन. मग एका ग्रॅमला २०.७, बारा ग्रॅमला सुमारे २४८.

रीत अगदी बरोबर आहे, दिलेली माहिती मात्र खऱ्या ग्रॅफाइटची नाही. खऱ्या एका ग्रॅमने ३२.८ किलोज्यूल दिले असते आणि तापमान १ नव्हे, सुमारे १.५८ अंशांनी चढलं असतं. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून एक घेतला असणार. परीक्षेत दिलेल्या माहितीवरून २४८ लिहा, गुण तिथेच आहेत. डोक्यात ३९३.५ ठेवा.

बॉम्ब कॅलरीमापीत खरंच स्फोट होतो?

आत ज्वलन स्फोटासारखंच झपाट्याने होतं, पण जाड पोलादी भांडं ते पोटात ठेवतं. त्या भांड्याला बॉम्ब म्हणतात. नमुन्याची छोटी गोळी वाटीत ठेवायची, तिला बारीक तार टेकवायची, तळाशी चमचाभरही नाही इतकं पाणी, झाकण घट्ट, आणि आत सुमारे ३० बार दाबाने ऑक्सिजन. मग सगळं दोन लिटर पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि तारेतून वीज सोडायची. ऑक्सिजन भरपूर, म्हणून काजळी नाही. चारही बाजूंनी पाणी, म्हणून ज्योतीची हवा पळून जाऊ शकत नाही. ओट्यावरच्या दोन मोठ्या गळत्या इथे बंद होतात.

पोलाद, बादली, ढवळणी या सगळ्यांची उष्माधारकता सुटी सुटी काढत बसत नाहीत. आधी बेंझोइक आम्ल जाळतात. त्याच्या एका ग्रॅमची उष्णता २६.४३ किलोज्यूल, काटेकोर मोजलेली. समजा एका ग्रॅमने तापमान २.६० अंशांनी वाढलं, तर अख्ख्या यंत्राची उष्माधारकता १०.१७ किलोज्यूल प्रति अंश. यातले ८.३६ दोन लिटर पाण्याचे, उरलेले पोलाद वगैरेंचे. इथे डबा विसरायची सोयच नाही.

आता त्याच यंत्रात १.२० ग्रॅम साखर. वाढ १.९५ अंश. उष्णता १९.८३ किलोज्यूल, ग्रॅमला १६.५, मोलला (३४२ ग्रॅम) सुमारे ५६५०. कोष्टकात ५६४० च्या आसपास आहे. ओट्यावरचे ६१ टक्के आठवा आणि फरक बघा. काटेकोर कामात तार जळाल्याची उष्णता आणि आत उरलेल्या हवेतल्या नायट्रोजनपासून झालेल्या नायट्रिक आम्लाची उष्णताही वजा करतात.

इतका काटेकोरपणा कुणाला लागतो?

कोळसा विकत घेणाऱ्याला. भारतात २०१२ पासून औष्णिक कोळशाची प्रत त्याच्या उष्मांकावरून ठरते: किलोला ७००० किलोकॅलरीच्या वर असेल तर जी-१, तिथून खाली ३००-३०० च्या पायऱ्या. प्रत बदलली की भाव बदलतो. वरच्या यंत्रात एक ग्रॅम कोळसा जाळला तर ३०० किलोकॅलरीच्या एका पायरीचा फरक थर्मामीटरवर किती दिसेल? ०.१२ अंश! अख्ख्या मालगाडीचा भाव अंशाच्या आठव्या हिश्शावर टांगलेला. आमच्या ओट्यावरच्या थर्मामीटरला हा फरक कळणारही नाही.

डेल्टा यू आणि डेल्टा एच यांत इतका घोळ कशाला?

बॉम्बचं आकारमान ठरलेलं आहे, वायूला फुगायला जागा नाही. म्हणून तिथे मिळतो तो डेल्टा यू, म्हणजे आंतरिक ऊर्जेतला बदल. उघड्या डब्याखाली दाब हवेचाच, तिथे डेल्टा एच, म्हणजे एन्थाल्पीतला बदल. दोघांतला फरक वायूंच्या मोलांची संख्या किती बदलली यावर. इथेनॉल जळताना तीन मोल ऑक्सिजन आत जातो, दोन मोल कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, पाणी द्रव. बदल उणे एक. २९८ केल्विनला एका मोलामागे २.४८ किलोज्यूल. म्हणजे उणे १३६७ च्या ऐवजी उणे १३६४.५. साखरेत बारा आत, बारा बाहेर, फरक शून्य.

खरं सांगायचं तर डब्याच्या प्रयोगात साडेदहा किलोज्यूल हवेत सोडून देणाऱ्याने अडीचची चिंता करू नये. परीक्षेत मात्र करावी, कारण तिथे डबा नसतो.

आमचे आकडे कमीच येणार असतील तर वेगवेगळी अल्कोहोलं जाळून उपयोग काय?

क्रम दिसतो. मिथेनॉल ७२६, इथेनॉल १३६७, प्रोपेनॉल २०२१, ब्युटेनॉल २६७६. दर पायरीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात आणि सुमारे ६५० किलोज्यूल जास्त मिळतात. तुमचे सगळे आकडे साधारण सारख्याच टक्क्यांनी कमी असतील तर आलेखावरची रेघ खाली सरकते, चढही तेवढ्याच टक्क्यांनी कमी होतो, पण रेघ सरळच राहते. मिथेनॉल मात्र मी घरी आणत नाही. ते विषारी असतं आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही.

मिथेनचे दोन आकडे का सापडतात, ८९० आणि ८०२?

पाणी द्रव झालं असं धरलं तर ८९०, वाफ म्हणून निघून गेलं तर ८०२. एका मोल मिथेनमागे दोन मोल पाणी, आणि वाफेचा प्रत्येक मोल आपल्यासोबत सुमारे ४४ किलोज्यूल घेऊन जातो. बॉम्बमध्ये वाफ आतच गार होते, म्हणून तो वरचा आकडा दाखवतो. गाडीच्या नळकांड्यातून वाफ बाहेर पडते, इंजिनाला खालचाच मिळतो.

आपल्या शहरात हे पुस्तकी राहत नाही. देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेल्या गोबर-धन प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन बायो-सीएनजी करायची सोय सुरुवातीला केली होती. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. एका ग्रॅमला वरच्या आकड्याने साडेपंचावन्न किलोज्यूल, खालच्या आकड्याने पन्नास. तुमच्या घरच्या पोह्यांतल्या लिंबाच्या साली यात धरलेल्या आहेत.

इंदूरला पाणी ९८ अंशांनाच उकळतं. त्याने प्रयोग बिघडतो का?

नाही. आपण उकळीच्या जवळही जात नाही. चहाला मात्र फरक पडतो. एक लिटर पाणी २५ वरून ९८ ला न्यायला ३०५ किलोज्यूल लागतात. एलपीजीचे ग्रॅमला ४६ धरले तर सगळी उष्णता भांड्यात गेल्यास साडेसहा ग्रॅम गॅस पुरेल. आयएसआय शेगडीने निदान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी अशी अपेक्षा असते, तेव्हा दहाएक ग्रॅम धरा.

वहीत ‘दहन’ लिहू की ‘ज्वलन’?

हिंदी पेपरात दहन, मराठीत बोलताना ज्वलन. दोन्ही एकच.

ऊर्जा बंध तुटल्यामुळे निघते ना?

नाही, बंध तोडायला ऊर्जा खर्च होते. नवे बंध जुळताना ती सुटते. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले बंध जास्त भक्कम, म्हणून खर्चापेक्षा जमा जास्त.

शेव जाळून तिच्यातल्या कॅलरी काढता येतात का?

येतात, आणि मुलांचा हा सर्वांत आवडता भाग. इंदुरी शेवेचा जाड तुकडा सुईला टोचायचा, सुईचं दुसरं टोक बुचात. पेटवली की तेलामुळे चांगली जळते. शेंगदाणा त्याहून बरा, ज्योत टिकते. पोहे जळत नाहीत, नुसते कोळसतात. पुडीवरची किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, एवढं लक्षात ठेवा.

अर्ध्या ग्रॅमच्या दाण्यात साधारण २.८५ किलोकॅलरी, म्हणजे बारा किलोज्यूलला थोडे कमी. ५० ग्रॅम पाणी त्याने ५७ अंशांनी चढायला हवं. आमच्याकडे वीसच चढलं. बाकीचं कुठे गेलं ते तुम्ही आता स्वतः सांगू शकता.

मग पुडीवरचा आकडा असाच जाळून काढतात?

सहसा नाही. कर्बोदकांना ग्रॅममागे ४, प्रथिनांना ४ आणि स्निग्धांशाला ९ किलोकॅलरी धरून बेरीज करतात. प्रथिनं बॉम्बमध्ये जाळली तर साडेपाचहून जास्त मिळतात, पण शरीर त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपात टाकून देतं आणि त्याच्यासोबत काही ऊर्जाही जाते. चोथा बॉम्बमध्ये मस्त जळतो, पोटात फारसा पचत नाही.

मुलांनी हे घरी एकट्याने करावं का?

करू नये. पेटत्या किंवा गरम दिव्यात स्पिरिट कधीही ओतायचं नाही. केस आणि ओढणी मागे बांधायची, ओला फडका हाताशी ठेवायचा. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला शेव द्या.

डब्याच्या बुडाची काजळी कशाने जाते?

राखेने किंवा साबण लावलेल्या काथ्याने. पण घासायच्या आधी डबा कोरडा करून काट्यावर ठेवा. प्रयोगाआधीचं वजन वहीत असेलच. आमचा एकदा ०.०२ ग्रॅमने जड भरला: ०.०२ × ३२.८, म्हणजे ०.६६ किलोज्यूल. तो आकडा जमाखर्चात लिहा आणि मग घासा.